जुने शर्ट, नवी पिसं

हॉस्टेलवर कोण कुठल्या वर्षाचा, हे ओळखायला आयकार्ड लागत नाही. ऑगस्टमध्ये मेसच्या रांगेत उभं राहा आणि नुसतं बघा. ज्याचा शर्ट, पँट, चपला, बादली, इतकंच काय टॉवेलसुद्धा एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतल्यासारखा दिसतो, तो एफई. सगळं नवं, सगळं सारखं, शर्टाच्या घड्या अजून मोडायच्या आहेत. ज्याच्या अंगात तीन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगचा विटलेला टीशर्ट, खाली परवाच घेतलेली ट्रॅकपँट आणि पायात दोन वेगळ्या जोडांतल्या स्लीपर, तो बीई. मधले एसई-टीईवाले म्हणजे अर्धं जुनं, अर्धं नवं. त्यांचं काही खरं नाही, त्यांच्याकडे नीट बघावं लागतं.

मित्रांनो, एवढं ज्याला जमतं त्याला खाडीवरच्या पक्ष्यांचं वय ओळखता येतं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. पद्धत खरोखर हीच आहे.

आपल्या हॉस्टेलपासून सायकलने पंधरा मिनिटांवर ठाण्याची खाडी आहे. तिथे फ्लेमिंगो येतात हे सगळ्यांना माहीत असतं, कारण त्यांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. पण ओहोटीला जो काळा-करडा चिखल उघडा पडतो, त्यावर फ्लेमिंगोच्या पायांखालून तुरुतुरु पळणारी जी बारकी पब्लिक असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. चिखल्या, तुतवार, स्टिंट, गॉडविट, कर्ल्यू. इंग्रजीत यांना सगळ्यांना मिळून वेडर्स किंवा शोअरबर्ड्स म्हणतात. मराठी नावं आहेत, पण ती गावागणिक आणि पुस्तकागणिक बदलतात, म्हणून या लेखात जे नाव तोंडात बसलंय तेच लिहितो. भाषाप्रेमींनी माफ करावं.

हे पक्षी बघायला गेलं की पहिल्या दिवशी बहुतेक जण वैतागतात. सगळे करडे, सगळे लांब, सगळे पळतात. लिटल स्टिंट तर चिमणीएवढा, वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आत. पुस्तकात एका जातीची चार-चार चित्रं असतात आणि चारही वेगळी दिसतात. माझा रूमी म्हणाला होता, "एकाच पक्ष्याचे चार अवतार, आणि चार पक्ष्यांचा एकच अवतार. याच्यापेक्षा एम-थ्री सोपं." त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण चार अवतार का, हे एकदा कळलं की ती चित्रं पाठ करावी लागत नाहीत, डिराइव्ह करता येतात.

मुळात पीस म्हणजे मेलेली वस्तू. आपल्या नखांसारखी, केराटिनची. एकदा वाढून पूर्ण झालं की त्यात दुरुस्ती होत नाही, ते फक्त झिजतं. ऊन, मीठ, वाळू, वारा. त्यामुळे पक्ष्याला ते कधीतरी टाकून नवं आणावं लागतं. आता फरक बघा. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की दोन-तीन आठवड्यांत त्याला उडण्याजोगं व्हायचं असतं. त्यामुळे त्याच्या अंगावरची सगळी पिसं जवळपास एकाच वेळी येतात. एकाच बॅचचा माल. सगळी सारख्या वयाची, सारख्या ताजेपणाची, आणि बऱ्याच जातींत प्रत्येक पिसाला फिकट किनार. ही किनार एकावर एक रचली गेली की पाठीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते. इतकी नीटनेटकी की कोणीतरी स्केल लावून काढल्यासारखी. सप्टेंबरमध्ये असा खवल्या-खवल्यांचा, कडक इस्त्रीचा पक्षी दिसला की तो त्याच वर्षी जन्मलेला.

मोठ्याचं तसं नसतं. त्याने विणीच्या हंगामासाठी घातलेली रंगीत पिसं वसंतापासून वापरलेली असतात. ऑगस्टमध्ये आपल्याकडे पोचेपर्यंत त्यांच्या कडा झिजून फाटलेल्या असतात, रंग उडालेला असतो, आणि त्यांतूनच थंडीतली नवी करडी पिसं एकेक करून वर येत असतात. म्हणजे ठिगळं. कर्ल्यू सँडपायपर हा याचा सगळ्यात मजेशीर नमुना. विणीच्या काळात त्याचं पोट विटकरी लाल असतं. ऑगस्टमध्ये ते विटकरी-पांढरं-विटकरी असं, पोपडे निघालेल्या भिंतीसारखं दिसतं. त्याच जातीचं पिल्लू महिन्याभराने येतं, तेव्हा त्याच्या पोटावर विटकरीचा मागमूस नसतो. पाठीवर खवले आणि छातीवर फिकट पिवळसर-गुलाबी झाक, हातानं पुसल्यासारखी. डिसेंबरपर्यंत दोघंही करडे होतात आणि लांबून बघणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्नच मिटतो.

लिटल स्टिंटच्या पिल्लाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतात, मागून बघितलं तर इंग्रजी व्ही दिसतो. वाळूतल्या चिखल्याचा मोठा नर लडाख-तिबेटच्या पठारावरून येतो, तेव्हा छातीवर नारिंगी पट्टा अजून थोडाफार शिल्लक असतो. पिल्लाला पट्टा नाही, फक्त पिसांना वाळूच्या रंगाची किनार. रेडशँकच्या पिल्लाचे पाय लाल होण्याऐवजी नारिंगी-पिवळ्यावर थांबलेले. कर्ल्यूच्या पिल्लाची चोच मोठ्यांच्या मानाने आखूड, अजून वाढायची असते. आणि ज्यांना हे सगळं फार बारीक वाटतंय त्यांनी शेकाट्यापासून सुरुवात करावी. तो मोठा असतो, जवळ येऊ देतो, आपल्याकडेच अंडी घालतो, आणि लांब लालगुलाबी पायांमुळे कुणालाही ओळखू येतो. त्याच्या पिल्लाची पाठ काळी नसून तपकिरी, डोक्यावर मळकट छटा, पाय फिक्कट. उडालं की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ दिसते, मोठ्यांना ती नसते.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. पिसाचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनमुळे येतो, आणि मेलॅनिनमुळे पीस नुसतं गडद होत नाही, टणकही होतं. ज्या भागात मेलॅनिन नाही तो पांढरा भाग आधी झिजतो. म्हणजे पिल्लाची ती सुंदर फिकट किनार हाच पिसाचा सगळ्यात कमजोर भाग. सप्टेंबरमध्ये खवले स्पष्ट, ऑक्टोबरमध्ये पुसट, डिसेंबरात जवळजवळ गायब. ज्या खुणेवरून वय ओळखायचं तीच खूण स्वतःहून घासून जाते. काही पक्ष्यांच्या मिटलेल्या पंखावर जी लांब पिसं वरून झाकणासारखी बसतात, त्यांच्या कडेला पांढरे खाचे असतात. ते झिजले की कडा करवतीसारखी दातेरी होते. वेअर अँड टिअरच्या लेक्चरला हे उदाहरण दिलं असतं तर मागच्या बाकावरचे दोघं-तिघं तरी जागे राहिले असते.

हे सगळं दिसायला दुर्बीण चांगली लागते, आणि खरं तर तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो, ज्याची किंमत आपल्या वर्षभराच्या मेसबिलात मोजावी लागते. आम्ही त्यावर उपाय काढला. सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमध्ये एक जुनी डंपी लेव्हल धूळ खात होती. सरांची परवानगी घेतली आणि लॅब अटेंडंट मामांनी रजिस्टरवर सही घेऊन रविवारपुरती दिली. दुर्बिणीपेक्षा कितीतरी मोठं दिसतं, तिवई फुकट. फक्त जुन्या डंपीत प्रतिमा उलटी दिसते. त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना लिटल स्टिंट डोकं खाली, पाय वर असा जास्त चांगला ओळखता येतो. मामा आता स्वतःही येतात, "माझ्या लेव्हलला पाणी लागू नये म्हणून."

वेळेचं गणित मात्र मला मेसच्या काकांनी शिकवलं. काका इथलेच, आगरी. त्यांच्या घरचं मिठागर होतं, नवी मुंबई वसताना ते गेलं. मी पहिल्यांदा खाडीवरून परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कंच्या टायमाला गेलेलास?" मी म्हणालो सकाळी सातला. "तिथी काय हाय आज?" मला तिथी कुठली माहीत असणार? मग त्यांनी पोळीच्या पिठावर बोटाने मांडून दाखवलं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. त्रयोदशीला पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चंद्र रोज साधारण अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरा येतो, म्हणजे पाऊण तास, म्हणून तीन चतुर्थांश. आमच्याकडे मोबाईलवर टाइड टेबल होतं. काकांचं पंचांग त्याच्याशी जुळलं.

भरतीचं महत्त्व असं की पूर्ण ओहोटीला पक्षी किलोमीटरभर आत असतात, ठिपके. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठाकडे आणतं. पूर्ण भरतीच्या आधी दीड-दोन तास जुन्या बांधावर, उघाडीपाशी बसलं की पक्षी आपणहून समोर येतात. शिवाय आपला किनारा खाडीच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी आणि पिसन् पीस उजळलेलं. म्हणजे द्वादशी ते अमावास्या-पौर्णिमा यांमधला रविवार सगळ्यात भारी. संध्याकाळी जाण्यात अर्थ नाही, समोर ऊन येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात.

तर एकदा काकाही आले. सप्टेंबर होता, गणपती नुकतेच गेले होते. एफईची पोरं घरून परतून पुन्हा तोंड पाडून बसली होती, मेसमध्ये ताटं अर्धी टाकत होती, आणि काका त्यावरून वैतागलेले होते. बांधावर मी त्यांना डंपीतून कर्ल्यू सँडपायपरची पिल्लं दाखवली. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. मग विचारलं, "ही पोरं. यांचे आईबाप कंचे यातले?"

मी सांगितलं, इथे असतील किंवा नसतील, पण बरोबर आलेले नाहीत. या जातीत नर अंडी उबवायलाही थांबत नाही, जुलै उजाडता उजाडता सायबेरियातून निघतो. पिल्लं जराशी मोठी झाली की आईही निघते. पिल्लं मागे राहतात, खातात, वजन वाढवतात आणि ऑगस्टमध्ये आपली आपण निघतात. रस्ता कुणी दाखवलेला नसतो. कुठल्या दिशेने, किती दिवस, हे ते जन्मतःच घेऊन आलेले असतात.

काका म्हणाले, "कुनी सांगाया नाय?"

"नाही."

"आन सगळी पोचतात?"

सगळी नाही पोचत. ते मी सांगितलं. काकांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. त्या रात्री त्यांनी एफईच्या टेबलावर दुसऱ्यांदा भाजी वाढायला स्वतः फेरी मारली, हे मी बघितलं. त्याचा आणि पक्ष्यांचा संबंध होता की नाही कोण जाणे, भाजीही त्या दिवशी बरी होती.

या एकट्याने येणाऱ्या पिल्लांमधलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे अलास्कातलं एक बार-टेल्ड गॉडविट. त्याच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर होता, नाव बी६. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, मधे कुठेही न थांबता. गॉडविटला समुद्रावर उतरून विश्रांती घेता येत नाही, म्हणजे अकरा दिवस पंख सलग हलत होते, अन्न नाही, पाणी नाही. नोंद झालेल्या सलग उड्डाणांमध्ये तोवर इतकं लांबचं दुसरं नव्हतं. आणि त्याचं वय होतं फक्त पाच महिने. अनुभवी, चार वेळा ये-जा केलेला पक्षी नव्हे. एफई.

आता कोणीही विचारेल, आणि प्लेसमेंटच्या वर्षात सगळे विचारतातच, की पक्ष्याचं वय कळून करायचं काय? याचं उत्तर एका मेटलर्जिस्टच्या कामात आहे. क्लाइव्ह मिंटन मूळचे इंग्लंडचे, पेशाने धातुशास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीत अधिकारी. १९७८ मध्ये नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात गेले आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जाळी उडवून वेडर्स पकडायचे, वाळे घालायचे, सोडून द्यायचे. २०१९ मध्ये ते वारले तोवर हे चालू होतं. त्यांच्या व्हिक्टोरियातल्या गटाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी एक साधा आकडा काढला. पकडलेल्या पक्ष्यांत पहिल्या वर्षाचे टक्के किती? तेवढाच. पण सायबेरियात जाऊन प्रत्येक घरटं मोजणं अशक्य असताना हा आकडा सांगतो की यंदा तिकडे किती पिल्लं जगली. तिकडचा निकालच म्हणा, लागतो मात्र इकडच्या चिखलात.

आणि तो निकाल दरवर्षी सारखा नसतो. काही वर्षी थव्यात पोरंच पोरं, काही वर्षी औषधालाही नाही. कारण ऐकून मी चाट पडलो होतो. टुंड्रात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्रात भरमसाट वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असले की कोल्हे आणि स्कुआ पक्षी त्यांच्यावर पोट भरतात, वेडर्सच्या घरट्यांकडे बघत नाहीत. लेमिंग कोसळले की तेच कोल्हे अंडी आणि पिल्लं शोधत फिरतात. म्हणजे ठाण्याच्या खाडीत सप्टेंबरमध्ये खवलेदार पाठीचे किती पक्षी येणार, हे सायबेरियातले उंदीर ठरवतात. अलीकडे काही भागांत हे चक्रच विस्कळीत झालंय. म्हणून तर मोजत राहायचं. आशियातली पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, पण ती जातवार संख्येची. वयाचा हिशोब जानेवारीत होत नाही, कारण तोवर किनारी झिजलेल्या असतात. तो ऑगस्ट ते ऑक्टोबरातच करावा लागतो, म्हणजे नेमका आपल्या पहिल्या युनिट टेस्टच्या वेळी.

इथे एक गंमत. युरोपातल्या वाळेवाल्यांनी वयासाठी कोड ठरवलेत. याच वर्षी जन्मलेला तो ३. गेल्या वर्षी जन्मलेला तो ५. (४ म्हणजे याआधी कधीतरी, नक्की माहीत नाही.) आणि कोड बदलतो १ जानेवारीला. ३१ डिसेंबरला जो ३ होता तो रात्रीत ५ होतो, जन्म जूनमध्ये झालेला असला तरी. हे वाचून मला आमच्या गावची शाळा आठवली. तिथे गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली होती. माझ्या वडिलांचीही तीच. सायबेरिया काय आणि सांगोला काय, नोंदवहीला तारीख लागतेच.

जानेवारीनंतर वय ओळखायचं असेल तर पंखाची टोकाची मोठी पिसं बघावी लागतात. मोठे पक्षी ती आपल्याकडे आल्यावर एकेक करून बदलतात, आतून बाहेरच्या क्रमाने, म्हणजे उडणं कधी बंद पडत नाही. पिल्लं बहुतेक जातींत पहिल्या थंडीत ती बदलत नाहीत. काही जाती बाहेरची थोडी बदलतात, ती भानगड वेगळी. ज्या पंखांनी सायबेरियातून आले तेच पंख घेऊन ती एप्रिलच्या उन्हात बसलेली असतात. काळ्याची तपकिरी झालेली, टोकं कुरतडल्यासारखी. मोठ्यांचे पंख तेव्हा जवळपास कोरे असतात. सप्टेंबरमध्ये जे नवेकोरे दिसत होते तेच मेमध्ये सगळ्यात फाटके, आणि जे फाटके होते ते नवे.

मेमध्ये मोठे रंग चढवून उत्तरेला निघून जातात. खाडी रिकामी होते असं सगळे समजतात, मीही तिकडे जाणं थांबवणार होतो. पण त्या वर्षी जूनमध्ये मी इंटर्नशिपसाठी हॉस्टेलवरच राहिलो, आणि माझा रूमी राहिला, कारण त्याला इयर डाउन लागलं होतं. घरी फोन झाला होता. वडील एवढंच म्हणाले होते की आता येऊन काय करणार, तिथेच राहा. त्यानंतर तो खोलीत दिवसभर पंख्याकडे बघत पडायचा. मेस सुट्टीत बंद, काका डबा आणून द्यायचे, तो झाकण उघडायचा नाही. एका सकाळी मी त्याला जवळजवळ ओढत बांधावर नेलं. पाऊस नुकता सुरू झाला होता, कोणी नव्हतं.

आणि चिखलात शंभरेक चिखले उभे होते. सगळे फिक्कट, करडे, एकाच्याही छातीवर नारिंगी नाही. पलीकडे काही कर्ल्यू.

"हे गेले नाहीत?" त्याने विचारलं.

मोठ्या आणि मध्यम आकाराच्या बऱ्याच जातींत पहिल्या वर्षाचे पक्षी जात नाहीत. पंख झिजलेले असतात, रंग चढलेला नसतो. ते पहिला पावसाळा इथेच काढतात. पंखाची पिसं सावकाश बदलतात, खातात. गॉडविट तर न्यूझीलंडमध्ये दोन-दोन तीन-तीन वर्षं राहतात आणि मग पहिल्यांदा उत्तरेला जातात.

"आणि मग ते मागे पडत नाहीत?"

मी त्याला बी९५ ची गोष्ट सांगितली. हा रेड नॉट नावाचा वेडर. फेब्रुवारी १९९५ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला त्याच्या पायात खूण घातली, तेव्हा त्याची पिसं पूर्ण मोठ्या पक्ष्याची होती, म्हणजे किमान दोन वर्षांचा. जन्म १९९३ किंवा त्याआधी, एवढं नुसत्या पिसांवरून धरलं. त्यानंतर तो वर्षानुवर्षं दिसत राहिला, शेवटचा २०१४ मध्ये. तोपर्यंतच्या फेऱ्यांची बेरीज पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या पुढे गेली होती, म्हणून त्याला मूनबर्ड म्हणतात. पहिली एक-दोन वर्षं त्याने कुठे काढली, कोणालाच माहीत नाही. तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं.

रूमी काही बोलला नाही. डंपी त्या दिवशी नव्हती, माझीच दुर्बीण त्याच्याकडे होती, ती त्याने दोन तास परत दिली नाही. येताना बांधाच्या टोकाला, जिथे भरतीला पक्षी विश्रांतीला बसतात, तिथे कोणीतरी राडारोड्याचे चार डंपर रिकामे केलेले दिसले. फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे. त्याने सगळे फोटो काढले, जागेसकट, तारखेसकट. त्यानंतर दर पंधरवड्याला काढतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, पण पक्षी भरतीला ज्या कडेकडेच्या तुकड्यांवर बसतात ते बरेचसे रेषेच्या बाहेर आहेत. आमचा ढिगारा अजून तिथेच आहे, वाढला मात्र नाही. तक्रारीचे कागद फाईलला लावलेले आहेत.

रूमी आता पुन्हा एसईत, ज्युनियर्सच्या वर्गात बसतो. घरी दिवाळीला जाऊन आला. वयाची वही त्याच्याकडे आहे. रकाने त्यानेच आखलेत: तारीख, तिथी, भरतीची वेळ, जात, मोठे, पहिल्या वर्षाचे, सांगता न आलेले. तिसरा रकाना हवाच असा त्याचा आग्रह असतो, आणि बऱ्याच रविवारी तोच सगळ्यात भरलेला असतो. गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी कर्ल्यू सँडपायपरच्या एका थव्यात ६३ मोठे, १९ पोरं, २४ तिसऱ्या रकान्यात.

कोणाला यायचं असेल तर पंचांग बघा, द्वादशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा यातला रविवार धरा, आणि सकाळी साडेसहाला सायकल स्टँडपाशी उभे राहा. चपला नकोत, चिखलात राहतात. चहा काका देतात, पण ग्लास परत आणून द्यायचा.